उजाडण्याच्या अलीकडे

थंडीच्या दिवसांत इंग्लंडात, लीड्सला मुलाकडे असले की सकाळचे पहिले काही तास माझ्या एकटीचे असतात. जन्मभराच्या सवयीने पाचच्या आसपास जाग येते. पायांचा आवाज न करता मी खाली स्वयंपाकघरात येते, चहाचं आधण ठेवते आणि मागच्या अंगणाकडच्या मोठ्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसते. बाहेर मिट्ट काळोख असतो. सहा वाजतात, सात वाजतात. शेजारच्या घरांत दिवे लागतात, कुणाची तरी गाडी सुरू होते, वर नातीच्या दप्तराची शोधाशोध चालू होते, आणि आकाश तसंच काळं. साडेसातच्या सुमाराला केव्हातरी त्या काळ्याचं करडं होऊ लागतं. आधी कुंपण नुसतं आडवं काहीतरी म्हणून जाणवतं. मग त्याच्या फळ्या एकेक करून सुट्या होतात. मग फळ्यांवरचं शेवाळ दिसतं, आणि ते हिरवं आहे हे सर्वांत शेवटी कळतं. सूर्य वर यायला सव्वाआठ होऊन जातात.

आपल्याकडे उजेड इतका रेंगाळत नाही. मुंबईत फटफटल्यापासून सूर्य वर येईपर्यंत वीस-तेवीस मिनिटं लागतात. लीड्सच्या डिसेंबरात त्याच प्रवासाला चाळीस मिनिटांहून जास्त लागतात, कारण तिथे सूर्य क्षितिजाला तिरपा कापत वर येतो. हिशेबाला काटेकोर असणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी या प्रवासाच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर आला की आकाशातला पूर्ण अंधार संपला. बारा अंशांवर आला की समुद्रावरच्या माणसाला क्षितिजाची रेघ दिसू लागते. सहा अंशांवर आला की दिव्यावाचून बाहेरची कामं करता येतात. जूनमध्ये तर लंडनच्या आकाशातही सूर्य मध्यरात्री अठरा अंशांपर्यंत खाली जातच नाही. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने त्या दिवसांत तिथे पुरती रात्र होत नाही. आणखी उत्तरेला, शेटलंडच्या बेटांवर, उन्हाळ्यातल्या त्या न मावळणाऱ्या उजेडाला लोक ‘सिमर डिम’ म्हणतात. ज्या देशात सकाळ कधी इतकी लवकर येते आणि कधी इतका वेळ वाट पाहायला लावते, त्या देशाच्या भाषेने तिला काय काय नावं दिली असतील, असं त्या खिडकीपाशी बसून वाटू लागतं.

‘डॉन’ हा शब्द शाळेत शिकले तेव्हा तो पहाटेचं नाव म्हणून शिकले. नदी, डोंगर, झाड यांच्यासारखंच एक नाम. पुष्कळ वर्षांनी मोठा इंग्रजी कोश उघडून बसायची सवय लागली तेव्हा त्यात एक गोष्ट वाचली आणि तिने मला धरून ठेवलं. हे नाम इंग्रजीत फार उशिरा आलं आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे शेक्सपिअर लिहू लागला त्या सुमारास, ते लिखाणात दिसू लागतं. त्याआधी कितीतरी शतकं इंग्रजीत क्रियापद होतं. जुन्या इंग्रजीतलं ते क्रियापद ‘डागिअन’. ‘डॅग’ म्हणजे दिवस, आणि ‘डागिअन’ म्हणजे दिवस होणं.

आणि त्या क्रियापदाला कर्ता लागत नसे. कोण दिवस होतो, हा प्रश्नच नाही. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात आणि उदाहरणं देतात ती हीच: उजाडलं, सांजावलं, गडगडतं. वर्गात ही उदाहरणं पाठ करताना त्यांचं नवल वाटलं नव्हतं. ‘उजाडलं’ या एका शब्दात पूर्ण वाक्य आहे, आणि त्या वाक्यात कुणीही काहीही केलेलं नाही. इंग्रजांनी पुढे व्याकरणाच्या सोयीसाठी तिथे एक ‘इट’ आणून बसवला, जर्मनांनी ‘एस’ बसवला. त्या जागेवर तसं कुणी नाही. जे घडतं ते आपोआप घडतं, आणि माणूस फक्त त्याच्या समोर असतो.

‘डॅग’चा ‘डे’ झाला आणि ‘डागिअन’चा ‘डॉन’, तर दोघांचे चेहरे इतके वेगळे कसे? याचं उत्तर माणसाच्या तोंडात आहे. शब्दातल्या ‘ग’च्या आधीचा स्वर जिभेच्या पुढच्या भागातून निघत असेल तर तो ‘ग’ विरघळून ‘य’कडे सरकला, आणि स्वर मागून निघत असेल तर ‘व’कडे. ‘डॅग’मधला ‘ॲ’ पुढचा, म्हणून ‘डे’. ‘डागिअन’मधला ‘आ’ मागचा, म्हणून मधल्या काळातलं ‘डावेन’. कायद्याचा ‘लॉ’ असाच जुन्या ‘लागु’पासून आला, आणि ओढण्याचा ‘ड्रॉ’ ‘ड्रागान’पासून. ‘डे’ आणि ‘डॉन’ या एकाच घरातल्या दोन बहिणी, वेगवेगळ्या गावी दिलेल्या. काही पिढ्यांनी त्यांची बोली इतकी बदलली की त्या एका आईच्या आहेत हे सांगावं लागतं.

‘डॉन’च्या शेवटचा ‘न’ बहुधा बाहेरून आला. आठव्या-नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं गलबतं घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली, लुटालूट करून मग उत्तरेत स्थायिक झाली. लीड्स ज्या यॉर्कशरात आहे, तिथल्या कितीतरी गावांच्या नावांना अजून त्यांचं शेपूट आहे. त्यांच्याकडे पहाटेला ‘डागनिंग’सारखा शब्द होता. शेजारी राहताना, एकमेकांच्या घरात सुना जाताना तो इंग्रजी शब्दाला चिकटला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तेराशेच्या आसपास ‘डॉनिंग’ दिसू लागतं, मग त्यातून ‘डॉन’ हे क्रियापद सुटून निघतं, आणि शेवटी नाम. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘डॉ’ हे ‘न’ न लागलेलं जुनं क्रियापद पुढेही राहिलं. ज्यांच्या होड्या दिसताच माणसं जीव घेऊन पळाली असतील, त्यांच्याच बोलीचा एक ध्वनी पुढे सकाळच्या नावात कायमचा राहावा, याचा मी कितीदा विचार केला आहे. माणसं ज्या रागाने भांडतात तो राग भाषेला फार काळ आठवत नाही. एकत्र राहणं मात्र आठवतं.

हे सगळं ज्या कोशामुळे माझ्यापर्यंत आलं, त्याचा संपादक जेम्स मरे. ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवरच्या आपल्या घराच्या आवारात त्याने पत्र्याची एक खोली उभारली होती. ती अंशतः जमिनीत होती, दमट आणि थंड. भिंतींवर कप्पेच कप्पे, आणि त्या कप्प्यांत देशोदेशींच्या वाचकांनी टपालाने पाठवलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे सापडला ते वाक्य, पुस्तकाचं नाव, साल. टपाल इतकं असे की त्याच्या घरासमोरच टपालपेटी बसवावी लागली. १८७९ मध्ये त्याने काम हाती घेतलं, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, ‘डी’ आणि ‘ई’ या अक्षरांचा खंड १८९७ मध्ये पुरा झाला. कोश संपला १९२८ मध्ये, आणि मरे गेला होता १९१५ मध्येच. त्या थंड खोलीत कधीतरी ‘डॉन’च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या समोर आला असणार. त्याने त्या सालाप्रमाणे लावल्या असणार, आणि दिवस होण्याची क्रिया हळूहळू ‘पहाट’ नावाची वस्तू कशी झाली, हे त्याला त्या गठ्ठ्यातच दिसलं असणार. आपण काम संपलेलं पाहणार नाही, हे जसजसं वय होत गेलं तसतसं त्याला कळत गेलं असेल. तरी तो पुढचं अक्षर घेत राहिला. अशा माणसांविषयी मला फार माया वाटते.

‘डे’च्या आणखी मागे जायचं तर पाऊल जपून टाकावं लागतं. आपल्या ‘दिवस’ आणि ‘दिन’शी ‘डे’चा आवाज इतका जुळतो की नातं असणारच असं वाटतं. अभ्यासक सांगतात, नाही. आपल्या शब्दांचा धातू ‘दिव्’, झळकणं. लॅटिनमधला ‘डीएस’ त्याच कुळातला. इंग्रजी ‘डे’ त्या कुळातला नाही. काही विद्वान त्याला जळण्याच्या एका प्राचीन धातूशी जोडतात, तो आपल्याकडे ‘दह्’ म्हणून आहे. दाह, दहन आणि उन्हाळ्याला म्हणतात तो निदाघ हे सगळे त्यातले. हे जोडणं सर्वांना मान्य आहे असं नाही. पण खरं असेल तर त्या करड्या, पावसाळी बेटाच्या दिवसाच्या नावात उन्हाची काहिली दडलेली आहे.

पहाटेचं आपलं वैदिक नाव ‘उषस्’ इंग्रजीत शोधलं तर ते सापडतं, पण भलत्या ठिकाणी. ऋग्वेदात वीसएक सूक्तं जिच्यासाठी आहेत ती उषा ग्रीकांची ‘इऑस’ आहे, रोमनांची ‘ऑरोरा’ आहे. त्याच मुळाचं इंग्रजीत जे उरलं ते ‘ईस्ट’. सकाळच्या जागी तिची दिशा उरली. ‘ईस्टर’ हा सणही त्याच मुळाचा. बीड नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने ७२५ मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात तो सांगतो की इऑस्त्रे नावाच्या एका जुन्या देवीवरून वसंतातल्या महिन्याला हे नाव पडलं होतं. लिथुआनियात मात्र तो शब्द अजून पहाटेचाच आहे, ‘ऑउश्रा’. तिथे रशियाच्या झारने १८६४ नंतर लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीत छापायला चाळीस वर्षं बंदी घातली होती. त्या काळात लोकांनी आपल्या भाषेतलं पत्र सीमेपलीकडे, प्रशियात छापलं आणि चोरून देशात आणलं. १८८३ मध्ये निघालेल्या त्या पत्राचं नाव ‘ऑउश्रा’. ज्यांना आपल्या लिपीत आपली भाषा वाचायची होती त्यांना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं, असं मला वाटतं.

पण मला जास्त ओढ वाटते ती जुन्या इंग्रजीतल्या दुसऱ्या काही शब्दांची, जे आज कुणी बोलत नाही. दिवसाच्या कडेला तेव्हाचे लोक ‘डॅगरिमा’ म्हणत, म्हणजे दिवसाची किनार. पहाटेला ‘डॅगरेड’ म्हणत. डच भाषेत हा शब्द ‘डाखराट’ होऊन अजून आहे. ‘डॅगवोमा’ म्हणजे दिवसाचा गलबला, उसळून येणारा आवाज. पहाटेला आवाजाचं नाव का दिलं असेल? मेमध्ये इंग्लंडात राहिलं की कळतं. अजून नीट दिसत नसतं तेव्हा रॉबिन आणि ब्लॅकबर्ड हे पक्षी गायला सुरुवात करतात, मग साँग थ्रश, मग इवलासा रेन, ज्याचा आवाज त्याच्या अंगापेक्षा कितीतरी मोठा. थोड्या वेळात झाडंच्या झाडं बोलत असतात. तिथले लोक याला पहाटेचा समूहस्वर म्हणतात, मेच्या पहिल्या रविवारी तो ऐकायला अंधारात रानात जातात. उजेड डोळ्यांना कळायच्या आधी कानांना कळतो, हे त्या जुन्या शब्दाला ठाऊक होतं.

आणि या सगळ्यांच्या अलीकडे आणखी एक शब्द होता: ‘उख्त’. रात्रीचा शेवटचा भाग, उजाडण्याच्या अगदी आधीचा, जेव्हा अंधार असतो पण रात्र सरत आलेली असते. आपण ब्राह्ममुहूर्त म्हणतो त्याच्या जवळपासची ही वेळ. पण त्या लोकांना ती प्रसन्न वाटत नसे. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यातला ड्रॅगन याच घटकेला उडतो. त्याचं एक नावच ‘उख्तफ्लोगा’, उख्तेला उडणारा. एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये हजार वर्षं जपलेली एक पोथी आहे. बिशप लेओफ्रिकने ती अकराव्या शतकात तिथे ठेवली. तिच्यातल्या एका कवितेत धनी गेल्यामुळे निराधार झालेला, थंड समुद्रावर भटकणारा माणूस आहे. तो आपलं दुःख दर उख्तेला एकटाच स्वतःशी बोलतो, कारण ज्याच्यापाशी मन उघडं करावं असं कुणी जिवंत राहिलेलं नाही. त्याच पोथीतल्या दुसऱ्या कवितेत एक बाई आहे. नवरा दर्यापार गेला आहे, तो कुठे आहे कळत नाही. तिच्या त्या घटकेतल्या जिवाच्या तळमळीला कवितेत एक जोडशब्द आहे, ‘उख्तकेआरु’. उख्तेची काळजी.

हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझी आई आठवली. तिच्या शेवटच्या आजारात मी रात्री तिच्या खोलीत निजायची. साडेतीन-चारच्या सुमाराला ती जागी होई, आणि मी जागी आहे की नाही हे न बघता विचारी, “बघ गं, उजाडलं का?” मी पडदा बाजूला सारून म्हणायची, “अजून नाही गं आई. पड थोडा वेळ.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिला दुखत असे म्हणून ती विचारायची असं नव्हतं, दुखणं दिवसाही होतंच. रात्र संपली आहे एवढं तिला कुणाकडून तरी ऐकायचं असे. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. नवरा दर्यापार गेलेली ती बाई आणि पंढरीची वारी सोडून कधी लांब न गेलेली माझी आई, दोघींच्या मधे एक हजार वर्षं आणि दोन धर्म आहेत. पण ती घटका एकच आहे.

‘उख्त’ शब्द इंग्रजीतून गेला. तेराव्या शतकात एकांतात राहणाऱ्या जोगिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो पहाटेच्या प्रार्थनेच्या नावात भेटतो, पुढे दिसेनासा होतो. स्वीडनमध्ये त्याचं भावंड अजून नांदतं. नाताळच्या दिवशी अंधारातच मेणबत्त्या लावून लोक चर्चमध्ये जातात, त्या प्रार्थनेला ते ‘यूलोट्टा’ म्हणतात. त्यातला ‘ओट्टा’ म्हणजेच ‘उख्त’. संस्कृतातला रात्रीसाठीचा वैदिक शब्द ‘अक्तु’ त्याच्याच नात्यातला आहे, असं मानणारे अभ्यासक आहेत. इंग्रजीत मात्र त्या घटकेचं घर मोडलं. उजेडाला नावं मिळत गेली आणि त्याच्या आधीच्या अंधाराचं नाव हरवलं.

ती घटका मात्र कुठे गेली नाही. लँकेशरच्या गिरणीगावांत एकोणिसाव्या शतकात लांब काठी घेऊन फिरणारी माणसं असत. आठवड्याला काही पेन्स घेऊन ती गिरणीकामगारांच्या माडीच्या खिडक्यांवर काठीने टकटक करत आणि आतून हालचाल दिसेपर्यंत पुढे जात नसत. ज्या सुतासाठी हे कामगार अंधारात उठत, त्यातलं काही आपल्या खानदेश-वऱ्हाडातून मुंबईमार्गे गेलेल्या कापसाचं होतं. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तर फारच. आणि इकडे त्याच घटकेला घराघरांत जाती फिरत, ओव्या म्हटल्या जात. दोन्हीकडची माणसं उजाडण्याच्या आधीची होती. त्यांची कामं दिवसाची वाट पाहत नव्हती.

अलीकडे मला वाटतं की क्रियापदाचं नाम होणं ही नुसती व्याकरणातली घडामोड नसावी. हा माझा पुरावा नसलेला विचार आहे. दिवस होताना जे जागे असतात त्यांना क्रियापद लागतं. दिवस झाल्यावर जे उठतात त्यांना नाम पुरतं. जो झोपेतून उठून खिडकी उघडतो त्याच्यासाठी पहाट ही चित्रासारखी समोर तयार असते, तिच्यावर कविता लिहिता येते, तिचं नाव मुलीला ठेवता येतं. जो उशाशी बसून आहे, किंवा बोटीवर वल्हं धरून आहे, त्याला ती तयार मिळत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत ती होते, आणि किती हळू होते.

इंग्रजीतल्या ‘डॉन’ने जुनं क्रियापद एका ठिकाणी जपून ठेवलं आहे. एखादी गोष्ट अचानक उमगली की इंग्रज म्हणतो, ती माझ्यावर ‘डॉन’ झाली. तिथेही तो स्वतः कर्ता नाही. समज आपण मिळवत नाही, ती आपल्यावर येते. आपण तिच्या समोर असावं लागतं, आणि बऱ्याचदा त्याआधी खूप वेळ अंधारात बसून असावं लागतं. माझ्या आईला काय हवं होतं हे मला तिच्या जाण्यानंतर किती तरी दिवसांनी उमगलं. तेव्हा मी भाजी निवडत होते, आणि खिडकीत भर दुपारचं ऊन होतं.

आज जगात त्या घटकेला किती माणसं जागी असतील याचा अंदाज बांधवत नाही. रात्रपाळीच्या परिचारिका आहेत, दुधाच्या गाड्यांचे चालक आहेत, तान्ह्या बाळांच्या आया आहेत, मुलगा परदेशी असलेले आणि त्याच्या फोनची वाट पाहणारे म्हातारे आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांपाशी त्यांच्या या वेळेसाठी आज एक शब्द नाही, सांगायचं तर पूर्ण वाक्य बोलावं लागतं. मराठीत पहाट आहे, झुंजूमुंजू आहे, तांबडं फुटणं आहे. पण जिवाला घोर लावणारी, उजाडण्याच्या अलीकडची ती घटका म्हणून स्वतंत्र नाव माझ्या तरी ओठांवर येत नाही. नाव नसेल तर माणूस आपल्या त्या जागेपणाबद्दल दुसऱ्याला सांगतो तरी कसं? की नाव नसतं म्हणूनच तो सांगत नाही, आणि बाजूच्या खाटेवर जागा असलेला दुसरा माणूसही गप्प राहतो, आपल्यासारखंच कुणी जागं आहे हे न कळता?